सत्कार नको, टेबल नंबर सांगा

विश्रामबागकर:
काल इथं एकानं लिहिलं, "शिवाजी विद्यापीठाचे नवे प्र-कुलगुरू, कुलसचिव आणि अधिष्ठात्यांचा सांगलीत जाहीर परिचय समारंभ घ्या, जिल्ह्याचा मान वाढेल." मान राहू द्या. असल्या एका समारंभाला मी बसलोय. निवेदक एकेकाचे शोधनिबंध, परदेशदौरे, पुरस्कार वाचत होता आणि पाहुणे खाली मान घालून शालीचे गोंडे विंचरत होते. दीड तास! कुणाकडं कुठलं काम, हे शेवटपर्यंत कळलं नाही. एक पान छापा की. काम काय, मुदत किती, अर्ज अडला तर कुठलं टेबल. बास.

मूळ तासगावचा:
लिहिणारा मीच. अधिष्ठाता म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख, डीन; शाळेचा हेडमास्तर नव्हे. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं ते पूर्णवेळ पगारी पद झालं, चार विद्याशाखांना चार. एवढी जबाबदारी घेणारा माणूस आपल्या लोकांनी बघायला नको? आणि मुदतीचं म्हणाल तर प्र-कुलगुरूंची कुलगुरूंबरोबरच संपते. वाचत चला.

हळदीचा भाव:
बघून काय करू? पुतणीनं पुनर्मूल्यांकनाला अर्ज टाकला. निकाल आला तोवर पोरगी तोच पेपर परत देऊन बसली होती. आणि पहिल्यातच पास निघाली! परीक्षा नियंत्रकाला शाल नको, घड्याळ द्या.

मूळ तासगावचा:
परीक्षा नियंत्रक नाही हो आता. परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक.

हळदीचा भाव:
घ्या! पाटी बदलली. फी कोण परत देणार, संचालक की मंडळ?

सीएचबी मिरज:
मी नेट, पीएचडी, अकरा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं शिकवणं. सुट्टीत पगार नाही. एका सत्काराला खुर्च्या भरायला आम्हालाच बसवलं. तो तास बिलात धरला नाही.

मूळ तासगावचा:
कायम प्राध्यापकांच्या भरतीला परवानगी शासनाची लागते. इथं त्याचा काय संबंध?

सीएचबी मिरज:
मग सत्कार आमच्याच तासाला का ठेवता? महिन्याच्या पगारावर बसून संबंध विचारणं सोपंय.

सातारची काकू:
भांडताय कशाला? मी कॉलेजच्या ऑफिसात होते. कुलसचिव बदलले तरी आम्हाला कुणी कळवायचं नाही. जुन्या नावानं पत्र गेलं की तसंच परत. एकदा बत्तीस पोरांच्या प्रवेशाची पात्रता त्यात लटकली. आता तर साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून समूह विद्यापीठ झाल्यापासून आमच्या एका घरात दोन कुलगुरू, नातवाचे वेगळे, नातीचे वेगळे. ओळख हवीच. शालीवाचून अडत नाही.

मूळ तासगावचा:
बरं बाबा, छापा तुमचं पान. शाल मी पदरच्या पैशानं देईन.

हळदीचा भाव:
द्या. घडीत पुतणीच्या फीची पावती ठेवा.