शब्दचर्चा : रॅमच्या ‘लेटन्सी’ला काय म्हणावं?

प्रश्न : भाचीसाठी कॉम्प्युटर जुळवतोय. डीडीआर५-६०००च्या दोन रॅम (चालू कामाची माहिती ठेवणारी स्मृती) पाहिल्या. एक सीएल (कॅस लेटन्सी) ३०, दुसरी सीएल ३६. पहिली बरीच महाग. दुकानदार म्हणाला, ‘हिची लेटन्सी कमी.’ घरी वहीत ‘सुप्तता’ लिहिलं, पण अर्थ लागेना. ‘विलंब’ चालेल?

उत्तर १ : ‘सुप्तता’ नकोच. शाळेत ‘अप्रकट उष्मा’ (लेटंट हीट) शिकलो, तिथे खरंच काहीतरी लपलेलं असतं. इथे फक्त वाट पाहणं आहे : रॅमला हव्या त्या रकान्याचा पत्ता दिल्यापासून पहिली माहिती बाहेर पडेपर्यंत. ‘विलंब’ त्यातल्या त्यात बरा, पण ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला असं त्यातून वाटतं. हा थांबा तर आधीच ठरलेला.

उत्तर २ : माझी अडचण वेगळी आहे. सीएल ३० मधले ३० म्हणजे वेळ नव्हे, घड्याळाचे ठोके. त्यांना मी ‘मात्रा’ म्हणतो, आणि मग सगळं उलगडतं. आधीच्या पिढीची डीडीआर४-३२०० सीएल १६ घ्या. घड्याळ १६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६०० दशलक्ष मात्रा; १६ मात्रांना १० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश). डीडीआर५-६०००चं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झ; तिथे ३० मात्रांनाही १० नॅनोसेकंदच. मात्रा वाढल्या, लयही तितकीच चढली. तीनताल १६ मात्रांचाच, पण विलंबितातलं आवर्तन आणि द्रुतातलं आवर्तन सारखा वेळ घेतं का? नुसत्या मात्रा मोजून डीडीआर५ला संथ ठरवणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता : ३०००? दुकानात तर ६००० मेगाहर्ट्झ म्हणतात.

उत्तर २ : म्हणतात, पण ते चूक आहे. दर मात्रेला दोनदा माहिती जाते, सरळ दुगुन. ‘डीडीआर’ म्हणजे ‘डबल डेटा रेट’; त्यातलं ‘डबल’ ते हेच. म्हणून ६००० हा सेकंदाला किती दशलक्ष खेपा होतात त्याचा आकडा. एका खेपेत ८ बाइट, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४-३२००ला २५.६. डीडीआर५चा खरा फायदा तिथे आहे.

उत्तर १ : ‘मात्रा’ पटलं. एकूण वेळेला मग ‘प्रतीक्षाकाळ’ म्हणू. तुमच्या दोन रॅममध्ये तो १० आणि १२ नॅनोसेकंद. दोनाच्या फरकासाठी बरेच पैसे जात असतील तर सीएल ३६ घ्या आणि उरलेल्यातून १६ऐवजी ३२ जीबी होतंय का बघा. भाचीला ते रोज जाणवेल. आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय, चालू करायला विसरू नका, नाहीतर ६०००ची रॅम खालच्याच लयीत चालत राहते.