प्रतिसाद: नोकरीत प्रभूची सेवा करायची कधी?

वर एका भावाने विचारलंय की कंपनीतच नऊ तास जातात मग सेवा करायची कधी, आणि एका ताईंनी सुचवलंय की डब्याच्या सुट्टीत येशूविषयीच्या पत्रिका वाटाव्यात. ताई, मला ते नाही पटत, हाताखालच्या पोराला वरिष्ठाने दिलेली पत्रिका नको म्हणता येत नाही, ते दडपण झालं, विश्वासाची साक्ष नाही.

येशूचा प्रेषित पौल याचं बघा ना, करिंथ शहरात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू बनवायचा (प्रेषितांची कृत्ये 18:3) आणि शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात बोलायचा, हाताचं काम त्याने कधी कमी लेखलं नाही.

मी स्टोअरला आहे. एकदा आलेल्या मालाच्या चलनावर 40 ड्रम होते, मोजले तर 38, ड्रायव्हर म्हणतो साहेब सही करा पुढच्या खेपेला भरून देतो, वरून पण फोन आला की घेऊन टाक. मी 38 च लिहिले आणि शेजारी 'शॉर्ट 2' असा शेरा मारला. महिनाभर टोमणे ऐकले. पण खरं अवघड होतं ते फोन करणाऱ्याशी मनात अढी न ठेवता वागणं. पुढे त्याची आई अ‍ॅडमिट झाली तेव्हा डबा घेऊन गेलो, रात्री थांबलो, तर त्यानेच विचारलं, आईसाठी प्रार्थना कराल का हो. तिथेच जिन्यात उभं राहून केली, दोनच वाक्यं.

भाऊ, तुमच्या डिपार्टमेंटला नेमकी काय अडचण येते ते लिहा, मी रोज प्रार्थनेत आठवण ठेवेन.