तलावातली पाण्याखालची झाडं मोजायला स्वस्तातलं सोनार (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं दाखवणारं मशीन) चालेल का?

बोडीवाला: नमस्कार मंडळी, गोंदिया जिल्ह्यातून लिहितोय. गावच्या जुन्या मालगुजारी तलावातला बेशरमाची झुडपं उपटून ढिवर (मासेमार) समाजाच्या बायांनी हायड्रिला अन् व्हॅलिस्नेरिया ह्या पाण्याखालच्या वनस्पती लावल्या, देशी मासळीला अंडी घालायला तोच झाडोरा लागतो ना. आता ते कुठवर पसरलं कसं समजावं? पाणी गढूळ, त्यामुळे ड्रोन बेकार. डोंग्याला फिशफाइंडर (मासे शोधायचं छोटं सोनार) बांधून नकाशा होते का? बजेट कमीच आहे भाऊ.

तळठोक: होतो की! या झाडांच्या देठापानांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यावरून आवाज चांगला परततो, म्हणून स्क्रीनवर तळाच्या वर झुडपासारखं उठलेलं दिसतं. तळाच्या खोलीतून शेंड्याची खोली वजा केली की झाडाची उंची. घेताना एवढंच बघा की मशीन जीपीएससकट लॉग कार्डवर साठवतं का, बरीच स्वस्त मशीनं नुसती स्क्रीनवर दाखवतात, मग घरी येऊन करायचं काय? लॉरन्स कंपनीच्या मशीनची एसएल२ ही लॉग फाइल पायथन या प्रोग्रामिंग भाषेत उघडते, पुढचं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही फुकट. आणि हो, त्या फाइलमध्ये खोली फुटांत असते, मीटर समजलात तर तलावाचं धरण होईल 😄

मिनेसोटाकर: इथे उलटी तऱ्हा, अमेरिकेतल्या मिनेसोटात, लेक मिनेटोंकात १९८७ मध्ये युरेशियन मिलफॉइल हे बाहेरून आलेलं पाणतण सापडलं आणि नकाशे काढतात ते त्याला आवरायला. पण सोनार झाड कुठे नि किती उंच तेवढंच सांगतं, कुठलं ते नाही. त्यासाठी दोरीला दंताळं बांधून फेकायचं, जे वर येईल ते बघून त्या पॉइंटला नाव लिहायचं.

बोडीवाला: अन् कडेला मांडीभरच पाणी आहे, झाडं तिथंच जास्त, मग?

तळठोक: तिथं सोनार विसरा, इतक्या उथळात भरवसा नाही. खुणा केलेली काठी आणि मोबाइलचं जीपीएस घ्या. आतल्या पाण्यात २०० किलोहर्ट्झ वारंवारतेवर आवाजाच्या झोताचा वीसेक अंशांचा कोन धरला तर दोन मीटर खोलीला जेमतेम पाऊण मीटर रुंद पट्टा दिसतो, म्हणून सरळ समांतर फेऱ्या, हळू वल्हवत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तलाव भरलेला असताना करा. झाडं फार दाट असली की मशीन शेंड्यालाच तळ समजतं, मधूनमधून काठी घालून तपासा. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा नि ऐकणारा भाग) बांबूला बांधून पाण्यात सोडा, डोंग्याला खिळे ठोकू नका, मालक ओरडेल.