हुक तीन इंच उंच पडतोय? आधी माप पुन्हा घ्या

जीपचा बॉल (मागच्या हुकचा गोळा) ट्रेलरच्या कपलरपेक्षा (त्या गोळ्यावर बसणाऱ्या पुढच्या तोंडापेक्षा) तीन इंच वर येतोय, तसंच जोडू का, असं विचारलंय तुम्ही. माप रिकाम्या जीपवर घेतलंत का? सामान भरलं की मागचं बूड बसतं, मग फरक तीन इंचापेक्षा कमी उरतो. सपाट जागी, भरलेला ट्रेलर लेव्हलला उभा करून जमिनीपासून कपलरपर्यंत मोजा. ट्रेलरचं नाक किंचित खाली चालेल, वर नकोच. मी एकदा तसाच जुन्या कात्रज घाटातून उतरलो. ट्रेलर अशी शेपटी हलवायला लागला की खेड शिवापूरपर्यंत बायको बोलली नाही. फरक उरलाच तर ड्रॉपवाला बॉल माउंट (बॉल खाली आणणारा दांडा) घ्या, वेल्डिंगचे जुगाड नकोत. बॉलवर भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ठेवा.