क्विअर सिद्धांताचा इतिहास आणि दशावतारातील स्त्रीपार्ट

प्रश्न : सावंतवाडीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मराठी साहित्यात एम. ए. करीत असून लघुप्रबंधासाठी दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातील स्त्रीपार्ट, म्हणजे पुरुष नटांनी केलेल्या स्त्रीभूमिका, हा विषय घेतला आहे. मार्गदर्शक बाईंनी त्यासाठी क्विअर सिद्धांत, म्हणजे स्त्री-पुरुष आणि लैंगिकता यांच्या ठरीव चौकटींना प्रश्न विचारणारा विचार, वाचायला सांगितला. जी टिपणे हाती लागली त्यांत सारे काही १९९० साली, ज्युडिथ बटलर यांच्या एका ग्रंथापासून सुरू होते आणि त्याआधीचे दोन ओळींत उरकले जाते. साहित्याच्या अभ्यासातून हा विचार कसा घडत गेला, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का? आणि जत्रेत रात्रभर लुगडे नेसून वावरणाऱ्या नटाला हा सिद्धांत लावणे योग्य ठरेल का? आमच्या घरातही या नटांबद्दल आदर आहे, त्यामुळे माझ्या लिखाणाने त्यांच्यावर भलता शिक्का बसू नये असे मनापासून वाटते.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, मालवण

१९९० हे साल ठळक होण्याला कारण आहे. त्या वर्षी तेरेसा दे लॉरेटिस यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील परिषदेला ‘क्विअर थिअरी’ हे नाव दिले, आणि बटलर यांचा ‘जेंडर ट्रबल’ व ईव्ह कोसोफ्स्की सेजविक यांचा ‘एपिस्टेमॉलॉजी ऑफ द क्लॉझेट’ हे दोन्ही ग्रंथ त्याच वर्षी आले. परंतु पाया त्याआधीच्या दीड दशकात घातला गेला होता. मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात असे मांडले की, पूर्वी ज्या वर्तनाकडे निषिद्ध कृत्य म्हणून पाहिले जाई, त्यावरून एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाने ‘समलैंगिक’ नावाची एक वेगळी व्यक्तीच घडवली. एड्रियन रिच यांनी १९८० मध्ये भिन्नलैंगिकता (स्त्री-पुरुष संबंध हाच नियम मानणे) ही स्त्रियांवर लादलेली सामाजिक संस्था असल्याचे दाखवले. गेल रुबिन यांनी १९८४ च्या निबंधात लैंगिकतेचे राजकारण स्त्रीवादाच्या चौकटीत पूर्णपणे मावत नाही, असा आग्रह धरला.

टिपणांतून सर्रास गळणारी गोष्ट म्हणजे एड्सची साथ. १९८१ पासून अमेरिकेत तरुण माणसे मरत होती, आणि सरकार व वृत्तपत्रे त्या मृत्यूंकडे एका विशिष्ट गटाच्या वर्तनाचे फळ म्हणून पाहत होती. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘ॲक्ट अप’ ही एड्सच्या प्रश्नावर आंदोलन करणारी संघटना उभी राहिली. विषाणू माणसाची अस्मिता पाहून लागत नाही, विशिष्ट कृतींतून पसरतो, हे सरकारी कार्यालयांच्या दारात ओरडून सांगावे लागले. अस्मिता आणि कृती यांची गाठ नेमकी कोण मारतो, या प्रश्नाला सिद्धांतात जी धार आहे ती त्या रस्त्यावरून आलेली आहे. तुमच्या प्रबंधात हे आलेच पाहिजे. त्याशिवाय हा सारा विचार केवळ ग्रंथालयात बसून केलेला वाटेल.

साहित्याच्या बाजूने सेजविक यांचा १९८५ चा ‘बिट्वीन मेन’ महत्त्वाचा. इंग्रजी साहित्यात दोन पुरुष एकाच स्त्रीसाठी झगडताना दिसतात, तेव्हा त्या दोघांमधले नातेच कित्येकदा अधिक उत्कट असते आणि स्त्री त्या नात्याचे साधन ठरते, हे त्यांनी संहिता ओळीओळीने वाचून दाखवले. कथेत समलैंगिक पात्र आहे की नाही याचा शोध घेण्यापलीकडे वाचन गेले ते येथे.

उत्तर : नाट्याभ्यासक, रत्नागिरी

सरांनी इतिहास उत्तम मांडला आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र सावध राहायला हवे. बटलर यांच्या मते लिंगभाव (जेंडर), म्हणजे बाईपण वा पुरुषपण, हा आत दडलेल्या सत्त्वाचा आविष्कार नसतो; पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून तो सत्त्वासारखा भासू लागतो. हे वाचून अनेकांनी लिंगभाव म्हणजे नाटक, असा सोपा अर्थ काढला. १९९३ च्या ‘बॉडीज दॅट मॅटर’ च्या प्रस्तावनेत बटलर यांनी तो खोडून काढला : सकाळी उठून कपाटातून वस्त्र निवडावे तसा कोणी लिंगभाव निवडत नाही, तो आधीपासून लागू असलेल्या नियमांच्या दबावाखाली घडतो. म्हणजे लुगडे नेसलेला नट दिसला की सिद्धांत सिद्ध झाला, असे मुळीच होत नाही.

दशावतारात पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. आख्यान ठरलेले असले तरी संवाद लिहून दिलेले नसतात. नट ते रंगमंचावरच रचतो. पेटाऱ्याजवळ बसून, हातात आरसा धरून त्याने स्वतःच रंगरंगोटी केलेली असते आणि त्यानंतर सती, राणी किंवा परित्यक्ता म्हणून काय बोलायचे, कुठे थांबायचे, पदर केव्हा सावरायचा हे तो त्या क्षणी ठरवतो. हे बोलणे येते कुठून? ज्येष्ठ नटांकडून, कीर्तनातून, घरातल्या बायकांकडून. प्रेक्षक, विशेषतः पुढे बसलेल्या बायका, ते पारखतात आणि बाई शोभली की नाही ते सांगून मोकळ्या होतात. बाईपणाचे नियम एरवी कोणी उच्चारून दाखवीत नाही, पण येथे नटाच्या कौशल्यावर बोलता बोलता ते उघडपणे बोलले जातात. तुमचा विषय तो असावा. नटाचे खासगी आयुष्य त्यासाठी लागत नाही, आणि त्याने आपण होऊन सांगितल्याखेरीज त्याविषयी विचारूही नये.

उत्तर : शिक्षिका, वेंगुर्ला

ताई, या सिद्धांताने नंतर स्वतःवरही कठोर प्रश्न घेतले, ते वगळू नका. कॅथी कोहेन यांनी १९९७ मध्ये लिहिले की, क्विअर आणि भिन्नलैंगिक अशी सरळ विभागणी केली तर वंश आणि वर्ग नजरेआड होतात. आपल्याकडे हा प्रश्न जातीच्या अंगाने विचारावा लागेल, आणि दशावतारात मानाचा क्रम व मंडळाची रचना पाहताना तो टाळता येणारच नाही. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० मध्ये भारतीय भाषांतील जुन्या-नव्या संहितांचे संकलन प्रसिद्ध केले, त्यामुळे हे सारे पाश्चात्त्य आहे या आक्षेपाला संहितांचा पुरावा घेऊन उत्तर देता आले. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ हेच मुळी १८६० च्या दंडसंहितेतले, ब्रिटिशांनी आणलेले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध त्यातून वगळले.

मराठीतले उदाहरण हवे असेल तर विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक सेजविक हाताशी ठेवून वाचा. सुमित्रेचे नमावर प्रेम आहे, पण ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचते ती बापूच्या तोंडून. एका स्त्रीचे गुपित एका पुरुषाच्या ताब्यात आहे, आणि त्याची सहानुभूतीच तिला काय बोलता येईल ते ठरवते. तिच्या दुःखावर भरपूर लिहिले जाते. निवेदनाचा हक्क कोणाकडे आहे, हा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो. सचिन कुंडलकरांच्या २००६ च्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच पुरुषाच्या प्रेमात पडतात आणि दोघेही आपापली बाजू स्वतः सांगतात. त्या दोन कृती शेजारी ठेवल्या की मधल्या काळात काय बदलले ते निवेदनाच्या रचनेतच दिसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, आपण सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिले प्रकरण मी फुकोपासून एड्सच्या साथीपर्यंत नेईन आणि १९९० त्यानंतर घेईन. दशावताराच्या भागात नटाऐवजी तात्काळ रचलेले संवाद आणि प्रेक्षकांचे शेरे यांवर भर देईन. एकच शंका उरते : जत्रेत ध्वनिमुद्रण करायचे झाल्यास मंडळाच्या मालकांची परवानगी पुरते, की नटाचीही घ्यावी?

उत्तर : नाट्याभ्यासक, रत्नागिरी

दोघांचीही घ्या, आणि नटाची आधी. संवाद त्याने रचलेले असतात, तेव्हा लेखक म्हणून त्याचे नाव कसे द्यायचे हेही त्यालाच विचारा. मुद्रण लिहून काढल्यावर एकदा त्याला वाचून दाखवा. अमुक वाक्य कोणाकडून उचलले, हे त्या वेळी तो स्वतःहून सांगेल.