मदत हवी आहे: माउथ ऑर्गनवर तिसऱ्या भोकाचा गंधार सापडत नाही

नमस्कार मंडळी,

मी मिरजेचा, वय ५२. लहानपणापासून पेटी वाजवतो, भजनी मंडळात आणि अधूनमधून गाणाऱ्यांच्या साथीला. गेले पाच महिने ऑनलाइन धड्यांवरून ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवायला माउथ ऑर्गन शिकतोय आणि एका जागी पुरता अडकलोय. इथे हे वाद्य वाजवणारं कोणी असेल तर कृपया वाचा. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे नेमकं कुठे चुकतंय ते सांगणं तुम्हाला सोपं जाईल.

आधी या वाद्याकडे का वळलो ते. साथ करताना गायक गंधारावरून मध्यमाकडे मींडेनं जातो. माझ्या बोटांखाली मात्र दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधे काहीच नसतं. ही उणीव मनात ठेवूनच चाळीस वर्षं वाजवत आलो. मग एका रात्री लिटल वॉल्टर या ब्लूज माउथ ऑर्गनवादकाचं १९५२ सालचं ध्वनिमुद्रण कानावर पडलं. पेटीत असते तशीच पितळेची पत्ती, तशीच हवेनं थरथरणारी, आणि तो माणूस तिच्यातून सूर वाकवत होता! पत्तीच्या वाद्यातून मींड निघू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

दुकानातून पहिल्यांदा आणला तो २४ भोकांचा ट्रेमोलो. आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की बहुतेक हाच पुढे ठेवतात. त्यात एका सुराला दोन पत्त्या असतात, एकमेकींपासून किंचित सरकवून लावलेल्या, त्यामुळे आवाजात लहर येते. पण प्रत्येक पत्तीचं घर वेगळं, म्हणून त्यावर सूर नीट वाकत नाही. हे कळेपर्यंत दीड महिना गेला. नवीन शिकणाऱ्यांनी एवढं तरी वाचून ठेवा: ब्लूजसाठी दहा भोकांचा डायटॉनिक लागतो, ज्यात फुंकायची आणि ओढायची पत्ती एकाच घरात असते. मग तो मागवला, सी पट्टीचा, म्हणजे आपली पांढरी एक.

धडे सुरुवातीला फुकटातलेच पाहिले. अमेरिकेतले अ‍ॅडम गसो २००७ पासून यूट्यूबवर शिकवतायत. ते मिसिसिपी विद्यापीठात प्राध्यापक आहेत आणि त्यांच्याकडून पाया चांगला मिळाला. नंतर पैसे भरून एका वर्गात नाव घातलं. शिक्षक शिकागोकडचे. त्यांच्याकडे शनिवारी संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, तेव्हा माझ्याकडे रविवार सकाळचे सहा. माणूस मनापासून शिकवतो. पण वर्गात आम्ही बरेच जण, आणि माझ्या तोंडात जीभ कुठे आहे हे त्यांना पडद्यावरून दिसणार कसं?

माझ्या समजुतीप्रमाणे वाद्याचा नकाशा असा. चुकत असेन तर सांगा. सीच्या वाद्यावर ब्लूज वाजवायचा तो जी मध्ये, म्हणजे षड्ज पांढरी पाच. दुसरं भोक ओढलं (म्हणजे श्वास आत घेत वाजवलं) की सा. चौथं फुंकलं की मध्यम, ओढलं की पंचम, ओढून वाकवलं की तीव्र मध्यम. पाचवं ओढून कोमल निषाद, सहावं फुंकून वरचा सा. तिसरं ओढलं की शुद्ध गंधार, आणि तेच वाकवून कोमल गंधार काढायचा.

आता अडचणी.

पहिली, आणि हीच सगळ्यात मोठी. तिसरं भोक वाकवायला गेलो की सूर शुद्ध गंधारावरून एकदम घसरतो तो थेट रिषभाच्या आसपास पोचतो. कोमल गंधार मधल्या मधे निसटतो. चौथ्या भोकाचा तीव्र मध्यम तिसऱ्या महिन्यात आला. दुसऱ्या भोकानंही छळलं होतं. ते बसकं, घोगरं बोलायचं, म्हणून वाद्य सदोष समजून बदलून घेतलं, तर नवीनही तसंच! शेवटी कळलं की मीच नकळत जीभ मागे ओढत होतो. तिसऱ्यावर मात्र रोज अर्धा तास देऊनही काही हाती लागत नाही.

दुसरी अडचण कानाची. शिक्षक म्हणतात, ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी ठेवायचा. हे ‘कुठेतरी’ माझ्या कानाला पटेना. पेटीवर वाढलेला कान आहे, त्याला ठाम जागा लागते. ती जागा कशी ओळखायची?

तिसरी श्वासाची. बहुतेक सूर ओढायचे असल्यामुळे छाती भरत जाते. सहा-सात बार (चार-चार मात्रांचे खंड) झाले की गुदमरायला होतं. पेटीचा भाता डाव्या हाताशी असतो, त्याचा असा विचार करावा लागत नाही.

आणखी एक, पत्तीची उंची कमीजास्त करावी का? पेटीच्या पत्त्या मी स्वतः साफ करतो, सुरात आणतो. झाकणाचे स्क्रू काढून आत पाहिलंय, अजून हात लावलेला नाही.

प्रतिसाद १

काका, नमस्कार. मी नेपरव्हिलला असते, शिकागोच्या जवळ, आणि सहा वर्षं हे वाद्य वाजवतेय. तुमचा नकाशा अगदी बरोबर आहे.

आधी पत्त्यांबद्दल: सध्या मुळीच हात लावू नका. तुमचा सूर रिषभापर्यंत खाली जातोय म्हणजे वाद्य ठीक आहे, हवा गळत नाहीये.

आता तिसऱ्या भोकाचं. त्या एका घरात दोन पत्त्या आहेत. ओढायची बी, तुमचा शुद्ध गंधार. फुंकायची जी, तुमचा सा. वाकवताना ओढायच्या पत्तीचा आवाज फुंकायच्या पत्तीच्या दिशेनं खाली येतो, आणि जसजसे खाली जाल तसतशी दुसरी पत्तीच जास्त बोलू लागते. या दोन सुरांत अंतर मोठं, म्हणून मधे तीन सूर मावतात: कोमल गंधार, शुद्ध रिषभ, कोमल रिषभ. चौथ्या भोकात मधे एकच सूर आहे, म्हणून तो तुम्हाला लवकर सापडला. सगळ्यांना तिसरंच छळतं.

तुमच्याकडे पेटी आहे, तिचा उपयोग करा. तुमच्या पट्टीत कोमल गंधार म्हणजे काळी पाच, रिषभ पांढरी सहा, कोमल रिषभ काळी चार. पेटीवर काळी चार धरून ठेवा आणि तिसरं भोक पार खालपर्यंत वाकवून तिच्याशी जुळवा. मग पेटीवर पांढरी सहा, मग काळी पाच. म्हणजे खालून वर या. वरून खाली येताना पाय घसरतो. तळाशी पोचून जीभ हळूहळू सैल सोडली की मधली घरं लागतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, वर्ष वाया गेलं.

आणि जोर कमी करा. वाकवायचं ते जिभेनं आणि तोंडाच्या पोकळीनं, ओढण्याच्या ताकदीनं नव्हे. शीळ येत असेल तर श्वास आत घेत शीळ घाला आणि सूर खाली न्या. जीभ मागे कशी सरकते ते लक्षात येईल. तेवढीच हालचाल हवी.

प्रतिसाद २

मला हे वाद्य येत नाही, थोडं गाणं येतं. सा, कोमल ग, म, प, कोमल नि म्हणजे सरळ राग धानी झाला की! तानपुरा पांढरी पाचला लावून धानीसारखा रियाज केला तर गंधार आपोआप बसणार नाही का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

रियाजाला तानपुरा जरूर लावा, मीही अ‍ॅपवर लावते. पण धानी म्हणून थांबू नका. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथेच आहे.

बारा बारचा ब्लूज म्हणजे बारा मात्रा नव्हेत. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, एका आवर्तनात ४८. साथीला पहिले चार बार जीची स्वरसंगती (कॉर्ड), मग दोन सी, दोन जी, एक डी, एक सी, एक जी आणि शेवटचा डी. तानपुऱ्यात खाली सा कायम असतो, इथे खालची जमीन सरकते. पाचव्या बारला ती मध्यमावर जाते. तिथे सी सेव्हन हा कॉर्ड वाजतो आणि त्यात काळी पाच आहेच. म्हणून त्या दोन बारांत कोमल गंधार चोख लागतो, शुद्ध वाजवलात तर कानाला टोचेल. पहिल्या चार बारांत मात्र साथीच्या जी मध्ये शुद्ध गंधार वाजत असतो, तेव्हा तुमचा गंधार किंचित वर, दोन्हींच्या मधे ठेवला की तो ओढ लागल्यासारखा बोलतो. काका, ‘कुठेतरी’ ही जागा अशी खालच्या साथीवरून ठरते. ट्यूनरच्या काट्यावर ती शोधू नका.

आणि ही जागा आली आहे गळ्यातून. वाद्य जर्मन. माउथ ऑर्गन बनवणारी होनर कंपनी १८५७ साली ट्रोसिंगेनमध्ये सुरू झाली. सूर लावलेत ते तिकडच्या साध्या चालींच्या सोयीनं, फुंकून वाजवायच्या चालींच्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी तेच वाद्य ओढून वाजवलं, षड्जच बदलला, आणि आपल्या गाण्यातला गंधार त्यातून काढला. म्हणून आधी गुणगुणून पाहा. गळ्यात लागला की तोंडात लागतो.

प्रतिसाद ३

श्वासाबद्दल: छाती भरेपर्यंत थांबू नका. प्रत्येक फुंकीच्या सुराला, विशेषतः चौथ्या आणि सहाव्याला, जास्तीची हवा नाकानं सोडून द्या. सनी टेरी हे ब्लूज माउथ ऑर्गनवादक ऐका. आगगाडीच्या लयीत आत-बाहेर श्वास कसा वाटून घेतात ते त्यांच्याकडून कळतं. तो ठेका रोज दहा मिनिटं, अगदी संथ.

आणि वर्ग झूमवर असेल तर सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर ते लांबवलेला सूर गोंगाट समजून कापून टाकतं. शिक्षकांना तुमचा बेंड (वाकवलेला सूर) पूर्ण ऐकूच जात नसेल.

धागाकर्ता, अकरा दिवसांनी

तिघांचेही मनापासून आभार. ताई, खालून वर यायचं तुम्ही सांगितलंत आणि चौथ्या दिवशी काळी पाच लागली. पेटीचा आणि माझा सूर एक झाला तेव्हा मधली कुरकुर थांबली. घरात कोणी नव्हतं, मी बराच वेळ तोच एक सूर ओढत बसलो. अजून दहापैकी चार वेळाच लागतो. थेट धरता येत नाही, तळापर्यंत जाऊनच यावं लागतं.

‘ओरिजिनल साउंड’ बंदच होता. रविवारी चालू केला, तर शिक्षकांनी लगेच सांगितलं की माझा जबडा फार घट्ट आहे. पाच महिन्यांत हे पहिल्यांदाच कळलं.

पहिल्या चार बारांतला मधला गंधार गळ्यात आलाय, वाद्यात अजून नाही. भजनातला एक अभंग आळवताना तो तोंडून निघाला आणि मृदंगवाल्यांनी मान वर करून पाहिलं.

आता पुढचा प्रश्न. कोमल गंधार तळाशी न जाता थेट धरायचा असेल तर जीभ आधीच कुठे ठेवून ओढायला सुरुवात करायची? ताई, सवडीनं लिहा.