नर्सिंग केअर होम बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

सायली_आर
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला, उजवी बाजू गेलीये, स्वतःहून कूस बदलता येत नाही, लघवीला नळी आहे आणि गिळताना मधेच ठसका लागतो. घरी मी आणि आई दोघीच, आईचे गुडघे आधीच दुखतात, बाबांना उचलता उचलता आता तीच पडेल अशी भीती वाटते, म्हणून बरीच रडारड आणि चर्चा होऊन शेवटी केअर होममध्ये ठेवायचं ठरलंय. दोन ठिकाणं बघून आलो. दोन्हीकडे फरशी चकाचक, मॅनेजर मॅडम गोड बोलल्या, टीव्हीचा हॉल दाखवला, बाग दाखवली. पण बाबा बहुतेक वेळ बेडवरच असणार, त्यांच्याकडे नीट लक्ष दिलं जाईल की नाही हे बागेवरून कसं कळणार? पुन्हा जायचंय. काय बघू, कोणाला काय विचारू? यातले जाणकार कोणी असतील तर प्लीज सांगा.

सिस्टर_माधवी
सायली, मी नर्स आहे आणि बरीच वर्षं लाँग टर्म केअरमध्येच काम केलंय, म्हणून स्पष्ट सांगते. ठरवून दुपारी अकराबाराला जाऊ नकोस, तेव्हा सगळीकडे सगळं छान असतं. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला जा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी जा. आणि एक प्रश्न नक्की विचार, रात्री किती पेशंटमागे किती माणसं असतात आणि त्यातली ट्रेंड नर्स किती. दिवसाचा आकडा सगळे पटकन सांगतात, रात्रीचा विचारला की "तसं असतं कोणी ना कोणी" असं उत्तर आलं तर समजून जा. बाबांना वळवायला दोन माणसं लागणार, रात्री त्या मजल्यावर एकच अटेंडंट असेल तर ती बिचारी एकटी कशी वळवणार, मग ते सकाळपर्यंत एकाच कुशीवर राहणार.

त्यामुळे तुझ्या बाबतीत सगळ्यात मोठा मुद्दा बेडसोरचा, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून कातडीला होणाऱ्या जखमांचा. सरळ विचार की सध्या तुमच्याकडे बेडसोर असलेले किती जण आहेत आणि त्यातल्या किती जणांना ते इथे आल्यावर झाले. चांगल्या ठिकाणी हा आकडा माहीत असतो आणि सांगतातही, कारण ते मोजतात. ब्रेडन स्केल वापरता का विचार, त्यात सहा मुद्द्यांवर मार्क देऊन बेडसोरची रिस्क काढतात, सहा ते तेवीसमध्ये स्कोअर येतो, जितका कमी तितका धोका जास्त, साधारण अठरा किंवा खाली असेल तर रिस्क आहे असं धरतात. स्कोअर काढून फाईलला लावून ठेवला एवढ्याने भागत नाही, त्यावरून पुढे काय केलं ते विचार. एअर मॅट्रेस दिली का, पोटरीखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवतात का, किती तासांनी वळवायचं हे त्या माणसाकडे बघून ठरवलंय का.

आणि कॉल बेल. ती भिंतीवर असून उपयोग नाही, बेडवरच्या माणसाच्या *चालणाऱ्या* हाताला पोचली पाहिजे. बाबांची उजवी बाजू गेलीये ना, मग बेल डावीकडे हवी. रिकामी खोली दाखवतील तेव्हा बेल दाबायची परवानगी माग आणि घड्याळ बघ.

रोहन_के
माझी आई एका ठिकाणी होती, नाव घेत नाही. तिथल्या दोन गोष्टींची जखम अजून आहे म्हणून लिहितोय.

एक म्हणजे वजन. आई हळूहळू वाळत चालली होती आणि आम्ही विचारलं की "वयामुळे होतं हो" एवढंच उत्तर. शेवटी वजनाचा चार्ट मागितला तर तीन महिन्यांची नोंदच नव्हती! नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं की महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप कमी होणं ही धोक्याची खूण मानतात, म्हणजे पन्नास किलोचा माणूस महिन्यात अडीच किलोने उतरला तर कोणीतरी जागं व्हायला हवं. त्यामुळे वजन किती दिवसांनी करता आणि कमी झालं तर काय करता, हे विचाराच. आणि खोल्यांवरून जाताना पाण्याचा ग्लास कुठे आहे बघा. टेबलावर भरलेला ग्लास आणि माणसाचा हात तिथपर्यंत पोचत नाही हे मी रोज बघितलंय.

दुसरं म्हणजे औषधं. आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता, संध्याकाळी अस्वस्थ व्हायची, हाका मारायची. मग अचानक एकदम शांत झाली, दिवसभर मान टाकून बसलेली, आम्हाला वाटलं रुळली. गोळ्यांचा चार्ट मागितल्यावर कळलं की अँटीसायकोटिक, म्हणजे गंभीर मानसिक आजारात देतात ते औषध सुरू केलंय, आम्हाला न विचारता. डिमेन्शिया असलेल्या वयस्कर माणसांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक वॉर्निंग अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००५ सालीच दिलेली आहे. कधी कधी गरज असते हे मान्य, पण आधी दुखतंय का, संडास साफ होते का, लघवीचं इन्फेक्शन आहे का हे बघायचं सोडून थेट गोळी? दिवसा हॉलमध्ये जाऊन बसा, किती जण टक्क जागे आहेत आणि किती जण खुर्चीत मान टाकून झोपलेत ते बघा. कोणाला खुर्चीला पट्ट्याने बांधलंय का तेही बघा.

शांत_नदी
सिस्टर, न सांगता जाणं मला पटत नाही. तिथे राहणाऱ्यांचं ते घर आहे, कोणी अर्ध्या कपड्यात असतं, कोणाची आंघोळ चालू असते, आणि आपण तपासणी अधिकाऱ्यासारखं फिरायचं? माझ्या सासऱ्यांच्या खोलीत असे अनोळखी लोक डोकावायचे, त्यांना फार अपमान वाटायचा.

सिस्टर_माधवी
अगदी बरोबर आहे तुमचं, आणि मी खोल्यांत शिरायला सांगत नाहीये. हॉल, जेवणाची जागा, कॉरिडॉर एवढ्यातच पुष्कळ कळतं. उलट कोणी तुम्हाला दार न वाजवता खोली दाखवली, किंवा "हे बघा आमचे चार्ट" म्हणून दुसऱ्या पेशंटची नावासकट फाईल उघडली, तर ते ठिकाण तिथेच बाद करा. उद्या तुमच्या बाबांची फाईलही अशीच कोणासमोर तरी उघडणार.

कोरा फॉर्म मागा, कसा भरता ते समजावून घ्या. खरी तपासणी ॲडमिशननंतर स्वतःच्या माणसाच्या चार्टवर करायची. चार्टवर लिहिलंय चार वाजता डाव्या कुशीवर वळवलं, आणि तुम्ही चार वाजल्यापासून शेजारी बसलात आणि ते उताणेच आहेत. किंवा दुपारी तीनलाच संध्याकाळच्या सहाच्या रकान्यात सही झालेली असते. असं दिसलं की त्या फाईलमधल्या बाकीच्या नोंदींवरही विश्वास ठेवू नका, औषधांच्या नोंदींवर तर मुळीच नाही.

अग्निरक्षक५१
सगळे पेशंटच्या काळजीबद्दल लिहितायत, ते हवंच, पण मी फायर सेफ्टीमध्ये आहे त्यामुळे बिल्डिंगबद्दल सांगतो. बेडवरचा माणूस पळू शकत नाही, लिफ्ट आगीत वापरायची नसते, मग रात्री दोनला आग लागली तर तिसऱ्या मजल्यावरून बाबांना खाली कसं आणणार, हा प्रश्न मॅनेजरला न विचारता रात्रपाळीच्या माणसाला विचारा. तो गोंधळला तर ड्रिल फक्त कागदावर झालंय. शक्यतो तळमजल्याची खोली घ्या.

बाहेर पडायची दारं बघा, समोर व्हीलचेअर, गाद्यांचे ढीग ठेवलेले असतात. फायर डोअरला वीट किंवा खुर्ची लावून उघडं ठेवलेलं हमखास दिसतं, ते दार बंद असेल तरच धूर अडतो. ऑक्सिजनचे सिलिंडर उभे साखळीने बांधलेले हवेत.

गरम पाणी पण! टाकीत पाणी साठ डिग्रीच्या आसपास ठेवतात कारण कोमट साठवणीत लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, पण तेच साठचं पाणी थेट अंगावर आलं तर म्हाताऱ्या पातळ कातडीला काही सेकंदांत भाजतं. म्हणून नळाशी गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लागतो, चव्वेचाळीस डिग्रीच्या वर आंघोळीचं पाणी जायला नको. बाथरूमचा नळ सोडून थर्मामीटर कुठे आहे विचारा. "आम्ही हाताने बघतो" म्हणाले तर बाबांना ज्या बाजूला संवेदना नाही त्या बाजूचा विचार करा.

बेड रेलिंगबद्दल लोकांचा गैरसमज असतो की ते असलं म्हणजे सुरक्षित. गादी आणि रेलिंगमधल्या फटीत डोकं, मान अडकून लोक गेलेले आहेत, आणि वरून चढून उतरायला जाणारा माणूस जास्त उंचीवरून पडतो. रेलिंग लावायचं की नाही हे त्या माणसाचं असेसमेंट करून ठरवलं पाहिजे.

सायली_आर
बापरे, यातलं निम्मं डोक्यातही आलं नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार. रोहनदादा, आईबद्दल वाचून फार वाईट वाटलं. सिस्टर, भरवणं आणि नळी याबद्दल काय बघू? मला सगळ्यात भीती ठसक्याचीच वाटते.

सिस्टर_माधवी
जेवणाच्या वेळेला जा म्हटलं ते त्यासाठीच. भरवणारी व्यक्ती शेजारी बसून, डोळ्याला डोळा देऊन भरवतेय की उभं राहून भराभर चमचे कोंबतेय ते बघ. माणूस सरळ बसलेला हवा, आडवा टेकून नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी तसाच बसलेला हवा. आधीचा घास गिळला का बघून मग पुढचा. बाबांना पातळ पदार्थ घट्ट करून द्यायचे का हे स्पीच थेरपिस्ट ठरवतात (गिळण्याची तपासणीही तेच करतात), त्यांचं लेखी सांगणं स्वयंपाकघरापर्यंत आणि भरवणारीपर्यंत पोचतं का ते विचार, बहुतेक वेळा नर्सच्या फाईलमध्येच राहतं. आणि तोंड कोण स्वच्छ करतं विचार. तोंडातले जंतू श्वासनळीत गेले की न्यूमोनिया होऊ शकतो, तरी घाईत सगळ्यात आधी दात घासणंच राहून जातं.

नळीचं म्हणशील तर युरिन बॅग मूत्राशयाच्या खालच्या पातळीला हवी पण जमिनीला टेकलेली नको, नळी मुडपलेली नको. बॅग रिकामी करण्याआधी आणि नंतर हात धुतात का बघ, एका पेशंटवरून दुसऱ्याकडे जाताना तेच ग्लोव्हज असतील तर वाईट. पण खरा प्रश्न हा की नळी अजून का आहे? गरज नसताना राहिलेली नळी म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण. "काढता येईल का हे कोण आणि कधी ठरवणार" असं विचारलंस तर समोरचा किती पाण्यात आहे ते लगेच कळेल.

वर्षा_जे
माझे दोन शब्द. तिथल्या अटेंडंटशी गप्पा मारा, किती दिवस झाले इथे, रोज तेच पेशंट असतात की बदलतात. सगळेच नवीन असतील तर माणसं टिकत नाहीयेत. भेटायला आलेल्या नातेवाइकांना गेटवर गाठा, ते खरं सांगतात. सरकारी तपासणीचा रिपोर्ट मिळत असेल तर नुसतं रेटिंग बघू नका, आतलं वाचा, तोच दोष मागच्या वेळीही होता का, आणि तपासणीनंतर मालक किंवा मॅनेजर बदललाय का.

मी मॅनेजरला विचारलं होतं, मागच्या वेळी कोणी पडलं तेव्हा तुम्ही काय बदललं? एकीकडे उत्तर आलं "आमच्याकडे कोणी पडतच नाही". दुसरीकडच्या बाईंनी सांगितलं की एक आजोबा पहाटे बाथरूमला जाताना पडले, मग त्यांच्या उठायच्या वेळेआधी फेरी लावली आणि बेड खाली केला. आम्ही दुसरं निवडलं.

सिस्टर_माधवी
वर्षाताई, हा प्रश्न मी पण वापरणार आता.

सायली, एक राहिलं. ॲडमिशनच्या दिवशी नर्सला सोबत घेऊन बाबांचं पूर्ण अंग बघून घे, माकडहाड, दोन्ही टाचा, खुबे, कोपरं, कानामागे, आणि जे दिसेल ते तारखेसकट त्यांच्या फाईलमध्ये लिहून दोघींनी सही करा. लालसर ठिकाणी बोट दाबून सोड, पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक, दाबूनही लालच राहिलं तर बेडसोरची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा टणक लागतंय का बघायचं. पहिले काही आठवडे आंघोळीच्या वेळी स्वतः हजर राहता आलं तर रहा, तेव्हा सगळं अंग एकदम बघता येतं.